मल्ल्या म्हणतोय

"कट!"

डायरेक्टर एवढ्या जोरात ओरडला, की कृष्णेतल्या माशांनी पाण्याबाहेर तोंडं काढून बघितलं. खोटं वाटत असेल तर त्या दिवशी घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारा. सकाळपासूनचा हा अकरावा कट, आणि अकराही वेळा चूक तीच. माझ्या नातीनं, ऋतूनं, धाकट्या भावाला, मल्हारला, लाकडी घोड्यावरून खाली ढकलायचं होतं. खाली जाड गादी होती, लागायचा प्रश्नच नव्हता. पण ऋतू ढकलायची नाही. ती जवळ जायची, त्याचं नाक आपल्या फ्रॉकनं पुसायची आणि घोड्याला हळूहळू झोके द्यायला लागायची.

डायरेक्टर रणदिवे तिच्यापुढं उकिडवे बसले. उन्हानं त्यांचं टक्कल टोमॅटोसारखं झालं होतं.

"ऋतू बाळा, तुला राग आलाय. हा घोडा कुणाचा?"

"मल्ल्याचा."

"नाही! तुझा आहे. यानं तो घेतलाय."

"मग घेऊ दे की. तो लहान आहे."

शूटिंगची पंचवीस-तीस माणसं फसकन हसली. रणदिवे हसले नाहीत. त्यांनी आभाळाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला, उठले, परत बसले, उगाच चप्पल झटकली. खुर्चीत जणू मुंग्यांचं वारूळ होतं.

"आजी, तुम्ही तर म्हणाला होता ही पोरं भांडतात."

"भांडतात की! घरी भांडतात. इथं लाजतात."

आता सतरा-अठरा वर्षं झाली त्याला. मल्हारला मिसरूड फुटलंय, ऋतू नर्सिंगला आहे. म्हणून खरं सांगायला हरकत नाही. ती पोरं कधीच भांडली नव्हती.

त्याचं असं झालं. आमच्या वाईत शूटिंगचं कुणाला नवल नाही. त्या वर्षी एका विनोदी सिनेमाचा पार्ट टू काढायला ही मंडळी आली होती. पहिल्या भागात एका घरात पहिलं बाळ येतं आणि आईबापांची तारांबळ उडते. तो लोकांना लई आवडला होता. दुसऱ्या भागात त्याच घरात दुसरं बाळ येतं, आणि पहिलं बाळ, म्हणजे आता चार वर्षांची झालेली पोरगी, त्याला घरातून हाकलायच्या नाना खटपटी करते. सगळं ठरलेलं होतं, पण पुण्याहून आणलेल्या दोन्ही पोरांच्या अंगावर वाईत उतरल्या उतरल्या कांजिण्या फुटल्या. शूटिंगवाल्यांची गावातली कामं मांडववाला दिनकर भोईटे बघायचा. तो पिठाच्या गिरणीत येऊन म्हणाला, "भांडणारी भावंडं पायजेत. थोरली चार वर्साची, धाकटं दीडएक वर्साचं. हायत का कुणाकडं?"

मी दळणाचा डबा खाली ठेवला.

"भांडणारी? अरे दिनकर, माझी ऋतू आणि मल्हार भांडायला लागली की शेजारची गाय तीन दिवस पान्हा सोडत नाही. मागच्या भांडणात तर कौलं सरकली."

"काय सांगता हौसाकाकू!"

"मग! सोडवायला फौजदार आला होता. तोच रडत गेला."

गिरणीतल्या बायका पीठ सांडेस्तोवर हसल्या. दिनकरही हसला. पण दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी. मी मागं फिरले असते हो, पण तोवर अख्ख्या आळीला सांगून बसले होते, की आमची नातवंडं पडद्यावर येणार.

घरात आम्ही चौघंच. मी, माझी सून मंदा आणि ही दोन पोरं. मुलगा मिलिटरीत, तेव्हा आसामात होता. मंदा अंगणवाडीत शिकवायची. तिला मी काय काय सांगून तयार केलं ते विचारू नका. शेवटी ती म्हणाली, "आई, माझं एकच म्हणणं आहे. पोरांना रडवायचं नाही. आणि रविवारी मल्हारचं जावळ आहे, त्याच्या आत हे संपलं पाहिजे."

जावळ, म्हणजे पोराचे जन्मापासूनचे केस. ते मामाच्या मांडीवर बसवून काढतात, आणि आमच्यात विषम महिन्यातच काढतात. मल्हारचा पंधरावा महिना संपत आला होता, त्यामुळं रविवार चुकवून भागणार नव्हतं. तिकडं रणदिवेंना नेमके ते केसच पाहिजे होते. मल्हारची कुरळी झुलपं बघून तर त्यांनी जागेवर उडी मारली होती. "शनिवारपर्यंत यातला एक केस हलता कामा नये आजी," त्यांनी मला बजावलं. "नाहीतर दारातून आत येताना केस आणि आत आल्यावर टक्कल दिसेल."

तर गुरुवार उजाडला, आणि हे अकरा कट.

त्या दोघांचं काय होतं ते सांगते. मल्हार तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपायचा नाही. तिच्या ताटातला पहिला घास त्याचा. त्याला बोलता यायचं नाही अजून. 'ता' म्हणजे ताई, 'मम' म्हणजे खायला द्या, बाकी सगळं अबू गबू. ते अबू गबू ऋतूला समजावून सांगायचं काम माझ्याकडं. दिवसातून पन्नास वेळा विचारायची, "आज्जी, मल्ल्या काय म्हणतोय?" आणि मी सांगायची. मल्ल्या म्हणतोय, मी यायच्या आधी चांदोबाच्या गोठ्यात राहायचो. तिथं एक पांढरी म्हैस आहे, ती शिंगांनी ढग उसवते. मल्ल्या म्हणतोय, देवानं मला दहा घरं दाखवली, पण मी म्हटलं, जिथं ऋतूताई राहते तिथंच मला सोडा. ऋतू डोळे मोठे करून ऐकायची आणि सगळं खरं मानायची. मल्हारची भाषा येणारी तिच्या ओळखीत मी एकटीच होते.

"साडेचारला ऊन जाईल," रणदिवे म्हणाले. "त्याच्या आत झालं तर ठीक. नाहीतर उद्या कोल्हापूरची पोरं बोलवतो. दहा मिनिटं ब्रेक!"

दिनकर माझ्या कानाशी आला. "काकू, कौलं सरकत्यात म्हनाला हुता. हितं गादीबी हलंना."

शूटिंगसाठी घेतलेल्या नदीकाठच्या बंगल्याच्या कुंपणाबाहेर आमची अर्धी आळी उभी होती. गिरणीवाली पारू तर पोरगं खांद्यावर घेऊन. "काकू, कधी सुरू व्हायचं भांडण?" तिनं तिथूनच विचारलं.

मी दोन्ही पोरांना घेतलं आणि बंगल्याच्या मागं जांभळीखाली गेले. मल्हारला मातीत बसवलं. दोन फेऱ्या मारल्या. मग ऋतूला जवळ ओढलं.

"ऋतू, रविवारी मामा येणार ना?"

"हो. मल्ल्याचं जावळ काढायला."

"त्यात एक रीत असते. ती तुला कुणी सांगितली नाही. जावळ काढून झालं ना, की मामा जाताना घरातलं एक पोर घेऊन जातो. कायमचं."

"कुठं?"

"फलटणला. त्याच्या घरी."

"कुठलं पोर?"

मी थांबले. खरं तर तिथंच थांबायचं होतं. पण गोष्ट मधेच सोडायची सवय माझ्या जिभेला कधी नव्हतीच.

"ज्याचं जावळ असतं, ते ठरवतं."

ऋतूनं मल्हारकडं बघितलं. तो मन लावून पानं फाडत होता.

"अबू गब. ता," मल्हार म्हणाला.

"आज्जी, मल्ल्या काय म्हणतोय?"

"मल्ल्या म्हणतोय," मी म्हटलं, "ताईला न्या."

ती रडली नाही. खाली वाकली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्यालाच विचारलं, "मल्ल्या, मी जाऊ?"

आता त्याच आठवड्यात मंदानं त्याला टाटा करायला शिकवलं होतं. 'जाऊ' म्हटलं की हात हलवायचा. त्यानं मूठ उघडली, पुढचे चार दात दाखवून हसला आणि हात हलवला. "टा टा."

ऋतू सरळ उभी राहिली आणि माझ्याआधी चालायला लागली.

कॅमेरा लागला. मल्हारला घोड्यावर बसवलं. ऋतू चालत आली, घोड्यापाशी थांबली आणि दोन्ही हातांनी असा धक्का दिला, की पोरगं गादीवर कोलांटी खाऊन पालथं पडलं.

"तू जा मामाकडं! मी नाही जाणार! माझं घर आहे! माझी आई आहे! तू जा!"

मल्हारला लागलं नव्हतं. त्याला कळलंच नव्हतं. त्यानं मान वर केली, 'ता' म्हणून तिच्याकडं हात केले. तिनं ते हात झटकले. मग त्याचा खालचा ओठ बाहेर आला आणि तो रडला.

"कट! सोनं! सोनं आहे हे!" रणदिवे नाचायचेच बाकी होते.

त्यांची असिस्टंट, जाड चष्म्याची मुलगी, कागद चाळत म्हणाली, "सर, पण आपल्या गोष्टीत मामा नाहीये."

"आता आहे. लिही एक मामा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिनकरनं शिट्टी मारली. कुंपणाबाहेरून पारू ओरडली, "काकू, खरंच की वो!" मी हात जोडून चारी बाजूंना नमस्कार केला. वळून बघते तर ऋतू गादीच्या कडेला पाठ करून बसलेली, आणि मल्हार रांगत रांगत तिच्याकडं निघालेला. तो पोचायच्या आत ती उठून गेली.

घरी येताना जीपमध्ये मी म्हटलं, "ऋतू, ते मामाचं मी गंमत केली हां."

ती बाहेर बघत म्हणाली, "मल्ल्यानं टाटा केलं."

संध्याकाळी तिनं आपलं ताट उचलून दाराशी नेलं. मल्हार दुडुदुडु मागं गेला, तर ताट उचलून पुन्हा चुलीकडं आली. मंदानं विचारलं, "काय झालंय हिला?"

"उन्हात होती दिवसभर. दमलीय," मी म्हटलं.

झोपायच्या वेळी मल्हारची मूठ अंथरुणात चाचपत राहिली. फ्रॉक नव्हता. ऋतूनं आपलं अंथरूण भिंतीला नेऊन लावलं होतं. मी माझा पदर त्याच्या हातात दिला. त्यानं तो धरला, हुंगला आणि फेकून दिला.

शुक्रवारचा शॉट सिनेमाचा शेवट होता. थोरली बहीण धाकट्याला मांडीवर घेते आणि त्याचा मुका घेते. रणदिवे सकाळपासून खूश होते. "आज तर सोपं आहे. हे तर ती आपणहून करते."

ऋतू हात मागं बांधून उभी राहिली. एक कट झाला. चार झाले. नऊ झाले. मल्हारला तिच्या मांडीवर ठेवला की ती मांडी काढून घ्यायची, तो गादीवर टपकायचा.

रणदिवे मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, काल काय केलंत? तेच करा. फक्त उलटं करा."

मी पुन्हा जांभळीखाली. पुन्हा फेऱ्या.

"ऋतू, ऐक. मल्ल्या म्हणतोय, चुकलं माझं. ताईला नेऊ नका, मामा, मलाच न्या."

तिनं मल्हारकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तो काही म्हणत नाहीये. तो बिस्कीट खातोय."

"अगं, मनातल्या मनात म्हणतोय."

"हे तू सांगतेस. टाटा त्यानं केलं. मी बघितलं."

हात हलवलेला तिनं डोळ्यांनी बघितला होता. माझ्या सगळ्या गोष्टींत पुरावा असलेली ती एकच.

"उद्या सकाळी नऊ," रणदिवे म्हणाले. "शेवटचा चान्स. त्यानंतर माझे कलाकारही नाहीत आणि बंगलाही नाही."

मला त्या शॉटचं काही राहिलं नव्हतं. घरी आल्यावर मी मंदाला सांगायला तीनदा स्वयंपाकघरात गेले. एकदा मीठ मागितलं. एकदा काडेपेटी मागितली. तिसऱ्यांदा विचारलं, "नळाला पाणी आलं का?"

"आई, नळासमोरच उभ्या आहात तुम्ही," ती म्हणाली.

शनिवारी मंदानं सुट्टी घेतली होती. उद्याच्या जावळासाठी ती डाळी निवडत होती. आठाच्या सुमाराला माझ्या ध्यानात आलं, की घरात आवाज नाही. मी अंगणात बघितलं. मागच्या दाराला बघितलं. पाण्याच्या टाकीमागं बघितलं. पायलीभर तांदूळ मावणार नाही त्या डब्याचंही झाकण काढून बघितलं. "ऋतू! मल्हार!" काही नाही. परत अंगणात, परत आत. आणि मग माझ्या उंच लोखंडी कॉटखालून आवाज आला.

खच्.

मी खाली वाकले. ऋतू मांडी घालून बसली होती. मांडीवर मल्हार, दोन दिवसांत पहिल्यांदाच, त्यामुळं खुशीत. चहूकडं कुरळ्या केसांचे पुंजके. त्याचं अर्धं डोकं खरडलेलं, अर्ध्यावर झुलपं तशीच. तिच्या हातात माझी ब्लाउज बेतायची मोठी कात्री, आणि तिचं टोक त्याच्या कानापाशी. कानाच्या पाळीवर रक्ताचा एक बारीक थेंब होता.

"ऋतू," मी म्हटलं, "कात्री दे."

"थांब. थोडंच राहिलंय."

माझा आवाज ऐकून मल्हारनं मान फिरवली. मी हात मधे घातला. कात्री मिटली ती माझ्या बोटावर. बरं झालं, माझ्याच बोटावर मिटली.

माझ्या ओरडण्यानं मंदा धावत आली. तिनं मल्हारला ओढून बाहेर काढलं, त्याचं डोकं बघितलं, कान बघितला, आणि ऋतूवर हात उगारला.

"उद्या जावळ आहे त्याचं! काय केलंस हे?"

ऋतूनं डोळे गच्च मिटले. "जावळच नसलं की मामा येणार नाही. मग मला नेणार नाही."

"कुठं नेणार नाही?"

"फलटणला. कायमचं. मल्ल्यानं सांगितलंय."

मंदाचा हात तसाच वर राहिला. पंधरा महिन्यांच्या पोराकडं तिनं एकदा बघितलं, आणि मग माझ्याकडं.

"आई?"

मी सांगितलं. बोटाला पदर गुंडाळून, उभ्या उभ्या, गिरणीपासून जांभळीपर्यंत सगळं. एकही म्हैस मधे न घालता. मंदा ऐकत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"मी तुम्हाला एकच सांगितलं होतं," एवढंच म्हणाली.

आणि तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली.

"आहे का कुणी घरात?" मंदाचा भाऊ, संपत, एक दिवस आधीच आला होता. "म्हटलं, शूटिंग तरी बघावं भाच्यांचं! कुठं आहेत आमचे हिरो-हिरॉइन?"

ऋतू कॉटखालून बाहेर आली. खुंटीवरची बालवाडीची पिशवी तिनं काढली. ती पिशवी आधीच भरलेली होती, मला ते दिसलंच नव्हतं. उलटसुलट चपला घातल्या आणि संपतपुढं जाऊन उभी राहिली.

"चल मामा."

"कुठं गं?"

"मी तयार आहे. पण आईला सांग, मल्ल्याला झोपेत तहान लागते. वाटी उशाशी ठेवायची. आणि पालथा झोपला की सरळ करायचं, नाहीतर त्याला श्वास येत नाही."

संपत हसायला लागला. मग त्यानं आमची तोंडं बघितली आणि हसू आवरलं.

मी उंबऱ्यावर बसले. बसल्यावर माझे डोळे तिच्या डोळ्यांसमोर आले.

"ऋतू, मामा कुणाला नेत नाही. अशी रीत कुठंच नाही. ती मी बनवली."

"मल्ल्या म्हणाला, ताईला न्या."

"मल्ल्या तसं नाही म्हणाला."

"मग काय म्हणाला?"

मल्हार मंदाच्या कडेवर तडफडत होता. अर्धं टकलं, अर्धं झुलपांचं डोकं पुढं काढून ओरडत होता, "अबू! ता! अबू!" सगळे माझ्याकडं बघायला लागले. ऋतू तर हाताची मूठ वळून बघत होती. माझ्या जिभेवर आलेलं होतं. मल्ल्या म्हणतोय, ताई, मला सोडून जाऊ नको. एका वाक्याचं काम होतं.

"मला नाही कळत," मी म्हटलं. "मला त्याचं कधीच कळत नव्हतं."

"कधीच?"

"कधीच."

"चांदोबाचा गोठा?"

"मीच बनवला."

"पांढरी म्हैस?"

"ती पण."

तिनं हळू विचारलं, "आणि दहा घरं? त्यानं आपलं घर मागितलं ते?"

संपतनं घसा खाकरला. मंदानं मान वळवली.

"ते पण मीच," मी म्हटलं.

मंदाच्या हातून निसटून मल्हार खाली उतरला, धडपडत आला आणि ऋतूला ओलांडून थेट तिच्या पिशवीला भिडला. बंद ओढला, आत हात घातला, एक फ्रॉक बाहेर फेकला, कंगवा फेकला आणि बिस्किटाचा पुडा काढून वर धरला.

"मम."

ऋतूनं नाक पुसलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "भूक लागलीय म्हणतोय. एवढंच म्हणतोय."

तिनं पुडा फोडला, एक बिस्कीट त्याच्या हातात दिलं, एक आपण घेतलं. मग त्याचा दुसरा हात धरला.

"चल मल्ल्या. आज्जीशी बोलायचं नाही. ती खोटं बोलते."

दोघं आत गेली. दारातून वळताना मल्हारनं मला टाटा केलं.

नऊला रणदिवे स्वतः गाडी घेऊन आले. मल्हारचं डोकं बघितलं आणि ते आमच्या ओट्यावर मटकन बसले. दोन्ही हातांत स्वतःचं टक्कल धरून म्हणाले, "आजी, तुम्ही मला बुडवलंत." मंदानं काही न बोलता पेटीतलं टोपडं काढलं आणि मल्हारच्या डोक्यावर बांधलं. त्याच टोपड्यात शेवटचा शॉट झाला, एका दमात. कुणालाच ऋतूला काही सांगावं लागलं नाही. असिस्टंट मुलगी म्हणाली, "सर, दिवाळीतली थंडी दाखवू." सिनेमात ते टोपडं तुम्हाला अजून दिसेल. मामाही दिसेल.

रविवारी संपतच्या मांडीवर उरलेलं जावळ निघालं. केस कापणारे शांताराम म्हणाले, "अर्धं काम आधीच कुणी केलंय?"

"आमच्या भाचीनं," संपत म्हणाला. "हात चांगलाय तिचा. ठेवा दुकानात."

सगळे हसले. ऋतूही हसली. माझ्याकडं बघितलं नाही.

आठ दिवस त्या दोघांपैकी कुणी माझ्याशी बोललं नाही. मी ओट्यावर बसले की ती परसात. मी परसात गेले की ती ओट्यावर. जेवायला दोघांचं एक ताट, माझ्याकडं पाठ करून. मी घरभर नुसती फिरत होते, एक भांडं इथून उचलायचं, तिथं ठेवायचं. मंदा म्हणायची, "आई, बसा हो एका जागी," आणि तेवढंच म्हणायची. गिरणीत गेले तर पारूनं विचारलं, "काकू, सांगा की शूटिंगचं. पोरं कशी भांडली?"

"माझं दळण आधी घे," मी म्हटलं.

नवव्या दिवशी दुपारी मी सोप्यात गहू निवडत बसले होते. पावलं वाजली. ऋतू दारात उभी होती. मल्हारला तिनं कसंबसं कडेवर घेतलं होतं, त्याचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, आणि तासलेलं डोकं तिच्या खांद्यावर.

"आज्जी."

मी मान वर केली नाही. वाटलं, वर केली तर पळेल.

"काय गं?"

"मल्ल्या म्हणतोय, गोष्ट सांग."

मी बघितलं. मल्हारचं तोंड उघडं होतं, लाळ तिच्या पाठीवरून ओघळत होती. बारीक घोरतही होता.

"मल्ल्या म्हणतोय?"

"हो."

"आत्ता म्हणाला?"

"आत्ताच."

मी सूप खाली ठेवलं. "पण मला खऱ्या गोष्टी येत नाहीत, ऋतू."

तिनं मान कलती केली, त्याच्या उघड्या तोंडाला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"म्हणतोय, खोटी चालेल."